मोठेपणी ऑटिझम? पण नोकरी आहे, लग्न झालंय, सगळं तर नीट आहे!

२०२५ मध्ये अमेरिकेतून दोन बातम्या आल्या आणि आमच्या इंदूरच्या बहुतेक मराठी फॅमिली ग्रुपवर फिरल्या. एप्रिलमधली अशी, की तिथे आठ वर्षांच्या मुलांमध्ये ३१ मागे एकाला ऑटिझम निघाला, आणि २००० साली हेच प्रमाण १५० मागे एक होतं. सप्टेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी गरोदरपणात पॅरासिटामॉल घेऊ नका, त्याने मुलाला ऑटिझम होतो असं जाहीर सांगितलं आणि इकडे काकू मंडळींचं "मी तर दोन्ही वेळेला घेतली होती गं" सुरू झालं. तर हे आधी निपटवून टाकते. स्वीडनमधल्या सुमारे २५ लाख मुलांचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, म्हणजे एकाच्या वेळी आईने ती गोळी घेतलेली आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर काही फरक सापडला नाही. लसीने ऑटिझम होतो हा वाद त्याहून जुना, तो ज्यावरून पेटला तो १९९८ चा पेपर छापणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. झालं.

मला खटकतं ते वेगळंच. सगळी चर्चा मुलांची. अरे पण ती मुलं मोठी होतात ना! जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज सगळ्या वयाच्या लोकांचा आहे, १२७ माणसांमागे एक. आपल्या इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांच्या वर होती, म्हणजे ह्या हिशोबाने पंचवीस हजाराच्या आसपास माणसं झाली, आणि त्यातली बरीचशी तीस, चाळीस, साठ वर्षांची असणार. ती कुठे आहेत? आपल्यातच आहेत, फक्त त्यांच्या फायलीवर दुसरंच काहीतरी लिहिलंय. डिप्रेशन, अँग्झायटी, आणि नातेवाइकांच्या फायलीत "शिष्ट", "हेकट", "तऱ्हेवाईक".

आधी, ऑटिझम म्हणजे काय ते

ऑटिझम, ज्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हा मेंदूच्या घडणीतलाच फरक आहे. तो जन्मापासून असतो, मधेच कधी होत नाही आणि मधेच जातही नाही. निदान करताना दोन गोष्टी बघतात आणि दोन्ही लागतात. पहिली, माणसांशी देवाणघेवाण करताना येणारी अडचण: समोरच्याचा टोन, चेहरा, अर्धवट सोडलेलं वाक्य, "बघू, येऊ कधीतरी" म्हणजे येणार नाही हे आपोआप न कळणं. दुसरी, तेच ते करण्याची ओढ आणि इंद्रियांचा वेगळेपणा: ठरलेला रस्ता, ठरलेलं जेवण, एखाद्या विषयाचं अफाट वेड, ट्यूबलाइटची गुणगुण सहन न होणं, शर्टाचं लेबल कापल्याशिवाय तो घालता न येणं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून जाते तेव्हा बाकीचं इंदूर नाचत असतं आणि एखादा माणूस कानात बोटं घालून मागच्या खोलीत बसलेला असतो. आणि हे सगळं लहानपणापासून हवं, आणि त्याने जगण्यात अडचण यायला हवी, नुसता स्वभाव वेगळा आहे म्हणून निदान होत नाही.

स्पेक्ट्रम हा शब्द पण सारखा कानावर येतो. त्याचा अर्थ लोक "थोडा ऑटिझम ते जास्त ऑटिझम" असा लावतात, तसं नाहीये. एखादा अजिबात बोलत नाही पण टाइप करून उत्तम विचार मांडतो, एखादी मेडिकलला शिकवते पण गॅसवाल्याला फोन लावायचा म्हटलं की तिचे हात गार पडतात. कोणाला कुठे जड जातं हे माणसामाणसाचं वेगळं असतं.

मग इतकी वर्षं दिसलं कसं नाही

एक कारण साधं आहे, डॉक्टरांच्या पुस्तकातच नव्हतं. म्हणजे १९२५ मध्ये ग्रून्या सुखारेवा नावाच्या रशियन डॉक्टरीणबाईंनी अशा मुलांचं वर्णन लिहून ठेवलं होतं पण ते बराच काळ कोणी वाचलंच नाही. मग १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर पेपर लिहिला, पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी बोलकी, हुशार पण एकटी पडणारी मुलं वर्णन केली, ती इंग्लंडच्या लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये जगाच्या नजरेस आणली. अमेरिकन मानसोपचार डॉक्टरांच्या निदानाच्या मॅन्युअलमध्ये १९८० साली ऑटिझम आला तो "शैशवातला" म्हणूनच. बोलणाऱ्या हुशार मुलांना जागा मिळाली १९९४ मध्ये, अ‍ॅस्पर्गर ह्या नावाने, आणि २०१३ मध्ये सगळं एकाच नावाखाली आलं. आता बघा, आज जो पंचेचाळीस वर्षांचा आहे तो १९९४ मध्ये शाळेत होता आणि तेव्हा इंदूरच्या कुठल्या शाळेत कोणाला हे माहीत असणार? सरांनी "हुशार आहे पण घुम्या आहे" म्हटलं आणि विषय संपला. तिकडे इंग्लंडमध्ये सुद्धा २०२३ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की पन्नाशीपुढच्या ऑटिस्टिक लोकांपैकी दहातल्या नऊपेक्षा जास्त लोकांचं निदान झालेलंच नाही. आणि ते ३१ मागे एक वगैरे आकडे फुगले त्यात व्याख्या रुंदावणं, तपासणी वाढणं आणि पूर्वी सुटून जाणाऱ्या मुली मोजल्या जाणं ह्याचा मोठा वाटा आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा एक माणूस आहे, बेचाळीस वर्षांचा, तिलक नगरात राहतो, सुपर कॉरिडोरवरच्या आयटी ऑफिसात जातो, बायको, एक मुलगी. त्याला आपण श्रीरंग म्हणू. श्रीरंगला शाळेतच कळलं होतं की आपलं काहीतरी चुकतं, म्हणून त्याने बाकीच्यांचं बघून बघून शिकून घेतलं. डोळ्यात बघता येत नाही तर भुवयांच्या मधे बघायचं. "काय म्हणतोस" ला खरं उत्तर द्यायचं नसतं. कोणाच्या साखरपुड्याला जायचं तर आदल्या दिवशी ठरवून ठेवायचं की मामांना गुडघ्याचं विचारायचं आणि वहिनींना मुलाच्या कोचिंगचं, आणि तीन जोक तयार ठेवायचे. तिथे तो हसतो, बोलतो, सगळ्यांच्या पाया पडतो. घरी येऊन अंधार करून तीन तास पडून राहतो आणि बायको म्हणते, जगाशी गोड बोलतोस, माझ्याशीच बोलायला काय होतं तुला.

ह्या शिकून घेतलेल्या वागण्याला मास्किंग म्हणतात. ह्यात खोटेपणा नाही, बऱ्याच जणांना आपण हे करतोय हे माहीतसुद्धा नसतं. गाडीचं उदाहरण घ्या. गप्पा मारणं, चेहरा वाचणं, आपली पाळी कधी ते कळणं, हे बाकीच्यांच्या डोक्यात ऑटोमॅटिक गिअरने चालतं. श्रीरंगची गाडी मॅन्युअल. आणि ती तो रोज संध्याकाळी सहा वाजता राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये चालवतोय, क्लच, पहिला, ब्रेक, क्लच, पहिला. दोन्ही गाड्या पोचतात, एकाच वेळेला पोचतात, म्हणून बघणारा म्हणतो काय फरक आहे. श्रीरंगच्या डाव्या पायाची काय अवस्था झालीय ते कोणी विचारत नाही.

माझ्या मते मोठ्या माणसाच्या निदानाचा सगळा घोळ इथेच आहे. मुलांमध्ये डॉक्टर बाहेरून काय दिसतं ते बघतात, मोठ्यांमध्ये दिसतं त्याच्यावर गेलात तर चुकाल, त्यासाठी किती खर्ची पडतं ते विचारावं लागतं. डॉक्टरांच्या त्या २०१३ च्या निदानाच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, की लक्षणं लहानपणापासून हवीत पण ती तेव्हा पूर्ण दिसतीलच असं नाही, मागण्या ताकदीबाहेर गेल्या की उघडी पडतात, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकली जातात. म्हणून तर प्रमोशन होऊन टीम हातात आली, मूल झालं, वडील गेले, असं काहीतरी घडलं की चाळिशीत माणूस एकदम कोसळतो आणि घरच्यांना वाटतं काल तर बरा होता.

बायकांचं तर विचारू नका. आपल्याकडे मुलीला "हसून बोल", "पाहुण्यांना पाणी दे", "हळदीकुंकवाला अशी काय बसतेस" हे इतक्या लवकर सुरू होतं की मास्किंगची ट्रेनिंगच म्हणा. शांत मुलगी म्हणजे गुणी मुलगी, कोण कशाला डॉक्टरकडे नेतंय.

डिप्रेशनचा इलाज चालू आहे, पण फरक पडत नाहीये

२०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून ऑटिस्टिक प्रौढांचा हिशोब मांडला गेला. आयुष्यात कधी ना कधी अँग्झायटी डिसऑर्डर झालेले साधारण ४२ टक्के, डिप्रेशन झालेले ३७ टक्के. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. ह्याचा अर्थ ऑटिझम म्हणजे मानसिक आजार असा नाही, आयुष्यभर मॅन्युअल गाडी ऑटोमॅटिकवाल्यांच्या हिशोबाने चालवायची, वर टोमणे खायचे, त्यात मन आजारी पडणं आलंच.

तर श्रीरंग डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतात कसं वाटतंय. तो म्हणतो, माहीत नाही, पोटात गोळा येतो. उडवाउडवी नसते ती. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांना स्वतःची भावना ओळखून तिला नाव देणं अवघड जातं. उदास आहे की भूक लागलीय की राग आलाय हे त्यांना आतून नीट कळत नाही. आता जो डॉक्टर "मन उदास असतं का" ह्या प्रश्नावर चालतो त्याच्या हाताला काय लागणार. मग चुकीची पाटी लागते. बायकांना बऱ्याचदा बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी (भावना आणि नाती सारखी टोकाला जाणं) म्हणतात, काहींना बायपोलर (कधी अति उत्साह, कधी अति उदासी), काहींना ओसीडी. ओसीडीचा फरक समजून घेण्यासारखा आहे: ओसीडीत माणूस कुलूप दहा वेळा बघतो आणि त्याला ते नको असतं, न बघितलं तर काहीतरी वाईट होईल ही भीती असते. ऑटिझममध्ये डबे रंगाप्रमाणे लावून ठेवले की बरं वाटतं, ते त्याला हवं असतं. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. अर्थात एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, तसंच एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सुद्धा, आणि २०१३ पर्यंत ते अमेरिकन मॅन्युअल ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही एकत्र लिहायलाच परवानगी देत नव्हतं!

आणि समजा डिप्रेशनचं निदान बरोबर आहे, तरी सल्ला उलटा पडू शकतो. "घरात बसू नका, लोकांत मिसळा, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत फिरून या मित्रांबरोबर, छान वाटेल." रात्री अकराला सराफ्यात, ती गर्दी, तो तळणाचा वास, हॉर्न, खांद्याला खांदा. बऱ्याच लोकांना ह्याने खरंच बरं वाटतं, श्रीरंग दुसऱ्या दिवशी उठूच शकत नाही आणि वर त्यालाच वाटतं की बघा, मी उपचाराला पण साथ देत नाही.

अजून एक शब्द, ऑटिस्टिक बर्नआउट. महिनोन्महिने टिकणारा थकवा, आधी सहन होणारा आवाज-उजेड सहन न होणं, आणि येत असलेल्या गोष्टी न येणं, म्हणजे स्वयंपाक, फोनवर बोलणं, कधी कधी बोलणंच. क्लच प्लेट जळाली म्हणा. डिप्रेशनसारखंच दिसतं, आणि दोन्ही एकत्रही असतं, पण बर्नआउटमध्ये इच्छा शिल्लक असते, शक्ती नसते, आणि मागण्या कमी केल्या, एकटं राहू दिलं, आवडीच्या विषयात बुडू दिलं तर माणूस हळूहळू वर येतो. उपचार करणाऱ्याला हा फरक माहीत हवा. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, उलट डॉक्टरांना हे सगळं सांगायचं. ऑटिझमवर अशी गोळी नाही, पण बरोबर असलेल्या डिप्रेशनवर, अँग्झायटीवर आहे आणि ती लागते तेव्हा लागते.

एक गोष्ट जड आहे पण लिहायलाच हवी. इंग्लंडच्या एका क्लिनिकमध्ये मोठेपणी अ‍ॅस्पर्गरचं निदान झालेल्या ३७४ लोकांना विचारलं गेलं, २०१४ चा अभ्यास, तर ६६ टक्के लोकांच्या मनात कधी ना कधी जीव देण्याचा विचार येऊन गेला होता. असा विचार कोणाच्या मनात असेल तर निदानाची वाट बघत बसू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठी हिंदी दोन्हीत बोलता येतं. आणि जीवाला लगेच धोका वाटत असेल तर एकटं सोडू नका, सरळ हॉस्पिटल.

"अगं, थोडंफार तर सगळेच असतात"

नाही हो. आवाज सगळ्यांनाच नकोसा होतो कधीतरी, लाजरे पण बरेच असतात. पण लाजऱ्या माणसाला भीती असते की लोक काय म्हणतील, ओळखीच्यात तो खुलतो, त्याला समोरच्याचा चेहरा वाचता येतो, उलट जास्तच वाचतो. ऑटिस्टिक माणसाला सख्ख्या भावासमोरही तेच गणित करावं लागतं. शिवाय एक लक्षण असणं आणि सगळी एकत्र, जन्मापासून, रोज असणं ह्यात फरक आहे. हे वाक्य म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, धीर द्यायचा असतो, पण ऐकणाऱ्याला कळतं ते असं की म्हणजे सगळ्यांना हे होतं आणि मीच रडतोय.

"ह्यांना भावनाच नसतात"

डेमियन मिल्टन नावाचे इंग्लंडचे समाजशास्त्रज्ञ आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ मध्ये विचारलं की ऑटिस्टिक माणसाला आपलं मन कळत नाही हे ठीक, पण आपल्याला त्याचं कुठे कळतं? मग गैरसमज दोन्हीकडून झाला ना. ह्याची परीक्षा घ्यायला एडिनबरामध्ये चक्क कानगोष्टींचा खेळ लावला. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. काही साखळ्या सगळ्या ऑटिस्टिक, काही सगळ्या बिनऑटिस्टिक, काही आळीपाळीने मिसळलेल्या. २०२० मध्ये निकाल आला की ऑटिस्टिक साखळीत गोष्ट बाकीच्यांइतकीच नीट पोचली आणि मिसळलेल्या साखळीत जास्त गळती झाली. २०२५ मध्ये मोठ्या संख्येवर परत करून बघितलं तेव्हा ती मिसळलेल्या साखळीतली गळती काही दिसली नाही, पण ऑटिस्टिक लोक एकमेकांशी बोलण्यात कमी पडत नाहीत हे दोन्ही वेळा टिकलं. म्हणजे "ह्यांना संवादच जमत नाही" हे सरसकट म्हणणं गेलं. बाकी तेराव्याला न रडणारा मुलगा दुसऱ्या दिवशी वडिलांची सगळी औषधं तारखेप्रमाणे लावत बसला असेल तर ती भावना नव्हे असं कोणी ठरवलं?

"हल्ली रील बघून सगळेच स्वतःला ऑटिस्टिक म्हणतात"

ह्यात थोडं तथ्य आहे. इंटरनेटवर जी प्रश्नावली मिळते ती बहुतेक वेळा केंब्रिजची, २००१ ची, ५० प्रश्नांची. ती चाळणी आहे, निदान नाही. नुसती सोशल अँग्झायटी असेल तरी तिचा स्कोअर वर जाऊ शकतो, लहानपणी घरात मारझोड झालेली असेल त्यांचंही वागणं असं दिसू शकतं. पण रील बघून शंका आली म्हणून ती शंका खोटी, हे कुठलं लॉजिक? शुगरची शंका पण लोकांना शेजाऱ्याचं ऐकूनच येते.

खरं निदान असं होतं: रक्ताची टेस्ट नाही, एमआरआय नाही. सायकिअ‍ॅट्रिस्ट किंवा रजिस्टर्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोन-तीन बैठकींमध्ये आजपर्यंतचा सगळा इतिहास विचारतात, तुमच्याशी बोलताना निरीक्षण करतात, ठरलेल्या चाचण्या घेतात, आणि दुसरं काही आहे का ते तपासतात. आणि "नाही, तुम्हाला ऑटिझम नाही" असंही उत्तर येऊ शकतं, ते पण उत्तरच आहे.

"आता चाळिशीत कळून काय उपयोग? लग्न तर झालं"

सुझन बॉयल ही स्कॉटलंडची गायिका, २००९ मध्ये एका रात्रीत जगभर गाजली, तिला लहानपणापासून सांगितलेलं की जन्माच्या वेळी तुझ्या मेंदूला इजा झालीय. पन्नाशी ओलांडल्यावर अ‍ॅस्पर्गरचं निदान झालं आणि तिने जाहीरपणे सांगितलं की हायसं वाटलं. बऱ्याच जणांचं असंच होतं, आधी हायसं वाटतं, मग राग येतो की इतकी वर्षं कोणाला कसं दिसलं नाही, मग शाळेपासूनचं सगळं परत आठवायला लागतं, आणि हे काही महिने चालतं.

उपयोग अगदी रोजचा आहे. श्रीरंगला ऑफिसात कानाला हेडफोन लावायची परवानगी मागता येते, मीटिंगचं लेखी मागता येतं. लग्नघरी दीड तास थांबून निघायचं हे नवरा-बायकोत आधी ठरतं, म्हणजे भांडण नाही. सायकॉलॉजिस्ट थेरपीची पद्धत बदलतात, "कसं वाटलं" च्या ऐवजी लिहून, तक्त्याने, नेमकं बोलून. बायकोला कळतं की हा तीन तास पडून राहतो तेव्हा रुसलेला नाहीये. आणि बरेचदा मुलांपैकी कोणाचं तरी निदान होतं तेव्हाच बापाला स्वतःबद्दल शंका येते, कारण ह्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, मग दोघांचं एकदमच सोपं होतं. नातेवाइकांना सांगायचं की नाही? तो ज्याचा त्याचा प्रश्न. मी तर म्हणेन ग्रुपवर टाकायची काही गरज नाही.

सर्टिफिकेट आणि इंदूर

२०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. सरकारी सर्टिफिकेटसाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि ७० च्या खाली स्कोअर आला तर ऑटिझम नाही असं धरतात. सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. आता ही पट्टी बाहेरून काय दिसतं तेच मोजते, काही प्रश्न तर खेळण्याबद्दलचे आहेत, तेव्हा भुवयांच्या मधे बघायला शिकलेला श्रीरंग तिथे सहज ७० च्या खाली येऊ शकतो. म्हणून सर्टिफिकेट न मिळणं आणि ऑटिझम नसणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या समजा. डॉक्टरांनी केलेलं निदान उपचारासाठी पुरतं.

इंदुरात सुरुवात एमवाय ह्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत करता येते, बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय आहे, खाजगी डॉक्टर आहेत. कुठेही जा, फोनवरच विचारून घ्या की मोठ्या माणसांचं ऑटिझम असेसमेंट तुम्ही करता का, कारण बरीच सेंटर मुलांपुरतीच असतात आणि उगाच रांगेत दिवस जातो. जाताना जुनी प्रगतिपुस्तकं न्या, "वर्गात बोलत नाही" हे सरांच्या अक्षरात असेल तर फारच कामाचं. आई असेल तर तिला न्या, नसेल तर लहानपणी अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या आत्याला-मावशीला आधीच फोन करून विचारा की कधी बोलायला लागलो, कशाने रडायचो, काय खायचो नाही. आणि चारपाच पानं घरीच लिहून न्या: एका नेहमीच्या दिवसात तुम्ही काय काय करता, त्यातलं काय आधी पाठ करावं लागतं, आणि त्यानंतर किती वेळ पडून राहावं लागतं. समोर बसल्यावर तुम्ही सवयीने हसून "ठीक आहे सगळं" म्हणणारच आहात, तेव्हा कागदच पुढे करा.